पितळी पाटीमागचा रिले

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय खटपट्या,

मंगळवार, ११ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, तू आमच्या श्राव्य वाचनालयाला भेट दिलेल्या, अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करायच्या डब्यानं एका माणसाला विजेचा झटका दिला. तारीख आणि वेळ आधी लिहिते, कारण शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, गाऱ्हाणं सांगताना आधी घड्याळ सांगावं, मग रडावं. मी रडणार नाही. आपल्या घरात रडण्याचं खातं कायम तुझ्याकडेच होतं.

तुला तो माणूस आठवत असेल. आमच्या ध्वनिखोलीचा कारभारी. सगळे त्याला कानसेन म्हणतात आणि तो ते नाव पदवीसारखं मिरवतो. लहानपणी डोळे गेले. अंध वाचकांसाठी आम्ही जी पुस्तकं मोठ्यानं वाचतो, ती तोच ध्वनिमुद्रित करतो, आणि मंगळवारी-शुक्रवारी सभागृहातल्या त्या जाडजूड अ‍ॅम्प्लिफायरवरून सगळ्यांना ऐकवतो. स्वभाव फणसासारखा म्हणावा, तर आत गरे सापडत नाहीत. "बाई, आज तुमचा श दमलाय, चहा पिऊन या," असं तो मला चारचौघांत ऐकवतो. मी जाते आणि चहा पिऊन येते, कारण त्याचं बरोबर असतं.

त्या दिवशी प्रकरण रंगात आलं असताना आवाज गेला आणि नुसती घरघर उरली. कानसेन उठला, दारापाशी गेला, तुझं ते मोठं बटण दाबून सगळं बंद केलं. डब्यात 'टक' झालं. घरघर थांबली. यंत्राच्या पोटात साठलेली वीज निवायला वेळ लागतो म्हणून तो नेहमी थांबतो, तसा थांबला. दोनदा "अजून किती वेळ?" असं विचारणाऱ्या एका आजोबांना "लग्नाला निघालात का?" असं विचारून गप्प केलं. मग झाकण काढलं, डावा हात पत्र्यावर टेकवला आणि सैल तार चाचपायला उजवा हात आत घातला.

मी तिसऱ्या रांगेत होते. तो ओरडला नाही. त्याच्यामागची खुर्ची भिंतीवर आदळली, तो आवाज आला. सभागृहात सगळे आंधळे, खटपट्या. सगळ्यांनी एकदम माना वळवल्या आणि काय झालं ते कोणालाच कळेना. मग वास आला. जळक्या कातडीचा वास तुला माहीत आहे का? मी घरी येऊन दोनदा अंग धुतलं, तरी नाकातून जात नाही. शिसारी येते म्हणजे काय, ते मला या वयात कळलं.

उजव्या तर्जनीचं टोक भाजलं आहे. तू म्हणशील, एक बोट. ब्रेलचे ठिपके त्याला त्या पेरानं कळतात. तुझे डोळे जिथे आहेत, तिथे त्याचं ते पेर आहे. डॉक्टर म्हणतात, कातडी येईल, पण स्पर्श येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

मला एवढंच सांग : बटण बंद होतं, 'टक' झालं होतं, घरघर थांबली होती, तर आत वीज कुठून आली?

तुझी,
ताई

•

बुधवार, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. कानसेनांना माझा नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा आहे? हिनं सांगितलंय की तेल कोमट करून लाव, गरम नको.

आता मुद्द्याचं. आयुष्यभर कारखान्यात वीजवाटपाची पॅनेलं बांधली, त्यामुळे या विषयात मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असं समजतो. तुझ्यासाठी सोपं करून सांगतो. दारातलं बटण बारा व्होल्टवर चालतं, ओल्या हातानं दाबलं तरी काही होत नाही. त्या बारीक विजेनं डब्यातला रिले ओढला जातो. रिले म्हणजे काय, तर लोहचुंबकाचा नोकर. बारीक वीज त्याला हुकूम देते, तो मोठ्या विजेचं दार उघडतो नि लावतो. 'टक' हा त्या दाराचा आवाज. तो आला, याचा अर्थ दार लागलं. घरघर थांबली, याचा अर्थ अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. माझ्या डब्यानं आपलं काम चोख केलं, हे तू स्वतःच लिहिलंयस!

मग झटका कसला? तर आत जे मोठे कपॅसिटर असतात, त्यांत वीज साठून राहते. ती निवायला वेळ द्यावा लागतो. कानसेन थांबले असं तू म्हणतेस, पण गप्पांच्या नादात कमी थांबले असणार. रागावू नकोस, पण ज्याला दिसत नाही त्यानं यंत्राच्या पोटात हात घालायचाच कशाला, असं माझं आपलं मत. गोष्ट नाजूक आहे म्हणून मी समितीला काही लिहिलेलं नाही. तुमच्या चिटणीससाहेबांचा फोन आला होता, त्यांना एवढंच म्हणालो की डब्यात दोष नाही.

डब्यावरची माझ्या नावाची पाटी पुसायला ओलं फडकं वापरू नका म्हणावं, पितळ काळवंडतं.

तुझा,
खटपट्या

•

रविवार, २३ फेब्रुवारी

खटपट्या,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून आणि दुसऱ्यांदा विमा कंपनीच्या दावे खात्यातली निवृत्त अधिकारी म्हणून. बहिणीला किळस आली. अधिकारी बाईला जांभई आली. छप्पर उडालेल्या माणसाला 'तुमचं छप्पर मुळात हलकंच होतं' असं लिहिणारे महाभाग मी नोकरीभर वाचले आहेत. त्यांची वाक्यंही 'माझं आपलं मत'वर संपायची. आणि एका भाजलेल्या माणसाच्या पत्रात पाटी पुसण्याची सूचना लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही?

आता तुझ्या कपॅसिटरचं. शुक्रवारी सभागृह रिकामं होतं. मी पायात रबरी सपाता घातल्या, एका हातात टेस्टर घेतला, दुसरा हात पाठीमागे धरला (हे कानसेननं पढवलं, "बाई, दुसरा हात मास्तरांसारखा मागे ठेवा") आणि गुडघ्याच्या नावानं बोंब मारत त्या यंत्रापुढे बसले. बटण अकरा तारखेपासून बंदच आहे. कुठल्याही कपॅसिटरची वीज इतके दिवस तग धरत नाही, हे तुझ्या कारखान्यातल्या मांजरालाही ठाऊक असेल. जिथे तुझ्या डब्यातली तार यंत्रात शिरते, तिथे टेस्टर टेकवला. दिवा लागला. लालभडक, निर्लज्ज.

म्हणजे बटण बंद असतानाही मुख्य वीज आत बसलेली आहे. दार लागल्याचा आवाज येतो आणि चोर घरातच असतो.

दुसरं. तुझा डबा येण्याआधी कानसेन काय करायचा, ते तुला माहीत आहे, कारण तू त्याला हसला होतास. यंत्रात हात घालायच्या आधी तो भिंतीतला प्लग स्वतः उपसायचा आणि तारेसकट गळ्यात अडकवायचा. म्हणायचा, प्लग माझ्या गळ्यात, म्हणजे वीज माझ्या ताब्यात, कोणी उत्साही माणूस तो परत खुपसू शकत नाही. तू म्हणालास, "हे काय डॉक्टरसारखं गळ्यात घालून फिरता!" प्लग कापून टाकलास आणि तारा थेट डब्यात स्क्रूनं आवळल्यास. डब्याची वायर कपाटामागच्या सॉकेटमध्ये, जिथे कोणाचाही हात पोचत नाही. आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "यापुढे 'टक' ऐकू आलं की समजायचं, प्लग गळ्यात आहे."

मी तिथे होते. मला वाटलं, माझा भाऊ किती हुशार.

ज्याला दिसत नाही त्यानं आत हात घालायचाच कशाला, असं विचारतोस? तो गेली कित्येक वर्षं हात घालतोय आणि त्याला कधी काही झालं नाही. तुझा डबा येईपर्यंत.

टेस्टरचा दिवा का लागला, ते लिही.

ताई

•

रविवार, २ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तू टेस्टर घेऊन बसलीस हे वाचून ही घाबरली. असलं काही परत करू नकोस. पण केलंस ते एका अर्थी बरं झालं, कारण आता उलगडा झाला.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक फेज, म्हणजे जिच्यात दम असतो ती, आणि दुसरी न्यूट्रल, म्हणजे परतीची. सॉकेटमध्ये फेज कुठल्या बाजूला यावी याचा नियम असतो. माझ्या डब्यातला रिले फेज तोडतो. नियमाप्रमाणे. पण तुमच्या जुन्या इमारतीत कोणा गाढवानं त्या सॉकेटमधल्या तारा उलट जोडल्या असणार. त्यामुळे रिलेच्या वाट्याला न्यूट्रल आली. तो परतीची वाट तोडतो, म्हणून यंत्र बंद पडतं, घरघर थांबते, 'टक' होतं, सगळं खरं. पण फेज दुसऱ्या तारेनं आत जाऊन बसलेलीच असते. ज्यानं हात लावला, त्याच्या अंगातून ती परतीची वाट शोधते.

तेव्हा दोष डब्याचा नाही, भिंतीचा आहे. ज्यानं भिंतीतलं काम केलं त्याला धरा. माझा रिले उत्तम आहे, दहा अ‍ॅम्पिअरचा आहे, तसं त्याच्यावर छापलेलंच आहे, आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर कसाबसा दोन अ‍ॅम्पिअर खातो. पाचपट पदरात ठेवलंय. आणखी काय करायचं?

चिटणीससाहेबांनाही मी हे कळवलं. ते म्हणाले, भिंतीचा विषय काढू नका, इमारतीचं प्रकरण मोठं होईल. समंजस माणूस आहे.

गुडघ्याचं लिहिलं नाहीस.

तुझा,
खटपट्या

•

गुरुवार, ६ मार्च

खटपट्या,

नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. रिले निवडता येईना, भिंत वाकडी, हे तुझ्याकडून शिकले.

तुझा समंजस माणूस काल कानसेनच्या घरी फुलं घेऊन गेला होता. आंधळ्या माणसाच्या घरी बिनवासाची फुलं. म्हणाला, "नशीब समजा, डावा हात शाबूत आहे." आणि जाताना टेबलावर पाकीट ठेवून गेला. ते मी उघडून वाचून दाखवलं, कारण ज्याच्यासाठी होतं त्याला ते वाचता येत नाही, ही गोष्ट इतक्या वर्षांत या चिटणीसाच्या डोक्यात शिरलेली नाही. 'सुरक्षेच्या कारणास्तव ध्वनिखोलीत दृष्टिहीन व्यक्तीस यापुढे प्रवेश असू नये, असा ठराव २९ मार्चच्या सभेत मांडण्यात येईल. देणगीदार तज्ज्ञांच्या मते उपकरणात दोष नाही.'

देणगीदार तज्ज्ञ म्हणजे तू. आंधळ्यांच्या वाचनालयातून आंधळ्याला हाकलायचं, आणि दाखला तुझ्या तोंडचा. आंधळं दळतंय आणि पीठ कोण खातंय, ते मी कागदावर लिहीत नाही. तुम्ही दोघं ओळखा.

वाचून संपल्यावर कानसेननं तो कागद मागून घेतला, डाव्या हातानं चाचपला. मग म्हणाला, "बाई, तुम्ही ठरावसुद्धा फार छान वाचता."

मग आम्ही अभ्यास केला. रिलेवरचं एक जाडजूड पुस्तक मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवतेय. कंटाळवाणं आहे, पण खोटं बोलत नाही, त्यामुळे तुझ्या पत्रांनंतर बरं वाटतं. तो मध्येच थांबवतो, "तो परिच्छेद परत," म्हणतो. मला कळलं ते असं.

तुझ्या रिलेवर छापलेले ते दहा अ‍ॅम्पिअर शेगडीसाठी आहेत, जी मुकाट्यानं ठरलेली वीज खाते. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर तसा नसतो. बटण दाबल्याच्या क्षणी तो उपाशी पैलवानासारखा एकदम कैकपट वीज गिळतो आणि मग दोनवर येतो. त्या पहिल्या घासाला तुझ्या रिलेची चिमुकली टोकं तापतात. असे घास रोज बसले की एक दिवस ती एकमेकांना चिकटून बसतात आणि मग तू बटण दाब नाहीतर नवस बोल, ती सुटत नाहीत. या कामाला पहिल्या घासासाठी मुद्दाम बनवलेल्या टोकांचा रिले लागतो, आणि शिवाय तो घास आधी चमच्यानं भरवणारी जोडणी लागते. पुस्तकात हे ठळक अक्षरांत आहे. तुझी पाचपट कुठे गेली?

आणि भिंतीचं. जुन्या इमारतीतल्या भिंती खोटं बोलतात, हे पॅनेलं बांधणाऱ्याला मी सांगायचं? म्हणून तर दोन्ही तारा एकदम तोडणारा रिले घ्यायचा असतो. मग फेज उजवीकडून येवो की डावीकडून, दोघींना दार बंद. तू एकच तार तोडणारा घातलास. मला खात्री आहे तो तू विकतही आणला नव्हतास. तुझ्या त्या खणात पडलेला असणार, कुठल्या तरी मेलेल्या यंत्रातून काढलेला. पाटी मात्र नवीन करून घेतलीस.

समितीला लिही. डब्यात दोष होता, माणसात नव्हता, एवढंच.

ताई

•

सोमवार, १७ मार्च

ती. ताईंस,
सा. न.

मी तुम्हाला पत्र लिहिलेलं यांना माहीत नाही. तुमचं सहा तारखेचं पत्र आलं, त्यांनी वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. शर्ट धुवायला टाकताना ते काढून दुसऱ्या शर्टात ठेवतात. उत्तर लिहीत नाहीत. कागद घेतात, 'ती. ताईस' लिहितात आणि पेन पुसत बसतात.

त्यांनी नवीन रिले आणलाय. चांगला मोठा, पारदर्शक कवचाचा. त्यात दोन दोन दारं आहेत म्हणे. जेवणाच्या टेबलावर ठेवलाय. जेवताना तो हातात घेऊन टक-टक करतात. परवा मी म्हटलं, "अहो, तो बसवून या ना तिकडे." तर म्हणाले, "मी गेलो तर त्याला भेटावं लागेल."

ताई, मला विजेतलं काही कळत नाही. डबा बसवला त्या संध्याकाळी घरी आले, तर सत्काराचा हार गळ्यातच होता, पण चेहरा उतरलेला. विचारलं तर म्हणाले, "पाटी काढावी लागली असती." एवढंच. पुढे कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, पाटी वाकडी बसली असेल. आता वाटतं, तसं नसावं. तुमचे ते कानसेन त्या वेळी तिथेच उभे होते ना? त्यांना विचारून बघा.

त्यांना फार लागेल असं लिहू नका, असं मी म्हणणार होते. पण नाही म्हणत.

तुमची,
भावजय

•

बुधवार, १९ मार्च

खटपट्या,

मी काल कानसेनला सरळ विचारलं, डबा बसवला त्या दिवशी पाटीचं काय झालं होतं?

तो म्हणाला, "बाई, आज काही वाचायचं नाही का?"

मी म्हटलं, "आधी उत्तर."

मग त्यानं सांगितलं. तुला वाटलं असेल, तिथे फक्त चिटणीस होता. तुझ्यासारख्यांना वाटतं, आंधळा माणूस कोपऱ्यात उभा असला की खोली रिकामी. तू खिशातून टेस्टर काढलास, त्याच्या क्लिपचा आवाज त्यानं ऐकला. तू म्हणालास, "अरेच्चा, हे उलटं आहे." चिटणीस म्हणाला, "चालतंय ना?" तू म्हणालास, "चालेल, पण आतल्या दोन तारांची अदलाबदल करायला हवी. झाकण खोलावं लागेल, त्यावर पाटी बसवलीय." चिटणीस म्हणाला, "पाहुणे आलेत. राहू द्या आता, पाटीवर बोटांचे डाग पडतील." आणि तू हसलास. कानसेन म्हणतो, हसण्याआधी थोडा वेळ गेला, लगेच नाही हसलास. तो तेवढा थोडा वेळ तुझ्या बाजूनं धरतोय. मी धरत नाही.

तुला माहीत होतं, तरी तू पाहुण्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, 'टक' ऐकू आलं की समजायचं, प्लग गळ्यात आहे.

मी त्याला विचारलं, हे पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत? त्याच्याइतका भांडखोर माणूस मी पाहिलेला नाही, आणि तोच एवढे दिवस गप्प बसला. म्हणाला, "तेव्हा उलटं म्हणजे काय ते मला नीट कळलं नव्हतं. तुम्ही त्यांचं भिंतीचं पत्र वाचून दाखवलंत तेव्हा कळलं." मग म्हणाला, "भाऊ तुमचा आहे, बाई. भाऊ तोंडघशी पडला तर बहीण इथे कशाला येईल? बोट गेलंय. आता मला कोणीतरी वाचून दाखवणारं लागणार."

खटपट्या, मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींची किळस आली. खोट्या दाव्यांची, खोट्या सह्यांची, त्या बिनवासाच्या फुलांची. पण आपल्या माणसामुळे समोरच्यावर सत्य दाबून धरायची वेळ यावी, आणि तेही मला गमावायच्या भीतीनं, यासारखी ओकारी कशानं आली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. असतील. मी दातांच्या बाजूनं आहे.

त्याच्या बोटाचं सांगते. पट्टी निघाली. नवी कातडी आली आहे, गुलाबी, चकचकीत, तळपायासारखी जाड. मी त्याच्यापुढे ब्रेलचं एक पान ठेवलं, त्याचं स्वतःचं आवडतं. बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसरीवरून गेलं, परत आलं. मग त्यानं विचारलं, "बाई, हे पान कोरं आहे का?"

कोरं नव्हतं.

सॉकेटमधल्या तारा मी सरळ करून घेतल्या आहेत. भिंत आता खोटं बोलत नाही. राहिलास तू.

मला तुझ्याकडून काय हवं ते ऐक. समितीच्या नावानं पत्र, तुझ्या हस्ताक्षरात, तुझ्या सहीनं. त्यात लिही, की रिले एकच तार तोडणारा होता आणि या यंत्राच्या पहिल्या घासाला लायक नव्हता. लिही, की सॉकेट उलटं आहे हे तुला बसवतानाच कळलं होतं आणि चिटणीसालाही. लिही, की पाटीसाठी झाकण उघडलं नाही. आणि लिही, की ज्यानं आत हात घातला, त्यानं तू सांगितलं होतंस अगदी तसंच केलं. 'असावं', 'असेल', 'माझं आपलं मत' हे शब्द मला त्या कागदावर दिसता कामा नयेत. सिस्टरांनी ज्या पट्टीनं माझ्या हातांवर वळ उठवले, ती माझ्याकडे नाही. असती, तर पाकिटात घालून पाठवली असती.

मग तो नवीन रिले घेऊन ये. तुझ्याकडे आहे हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. तू जेवताना टक-टक करणारा माणूस आहेस, एवढं मला तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे. दोन्ही तारा तोडणारा असला, बटणाची बारीक वीज आणि भिंतीतली वीज यांच्यामध्ये पुस्तकात सांगितलंय तेवढं अंतर असलं, आणि पहिला घास चमच्यानं भरवायची जोडणी असली, तरच आण. प्लग परत लाव, बाहेर, हाताला लागेल असा, आणि तार गळ्यात घालता येईल एवढी लांब ठेव. झाकणावर काहीही लावू नकोस. झाकण हे उघडायसाठी असतं. सगळं झालं की बटण बंद करायचं. आधी टेस्टर लावायचा. मग त्या यंत्रात पहिला हात तुझा जाईल, उजवा, तर्जनी पुढे करून. त्यानंतर त्याचा. तो तिथे उभा असेल आणि तुझा श्वास ऐकेल. त्याला भेटावं लागेल, हे खरं. त्यासाठीच बोलावते आहे.

सभा शनिवारी, २९ मार्चला, संध्याकाळी पाच वाजता आहे. चिटणीसाचा ठराव आधी येईल, मग तुझं पत्र. ते मीच वाचणार, ध्वनिखोलीतल्या माइकवरून. समोर बसलेल्यांपैकी कोणालाही तुझी पितळी पाटी दिसत नाही, पण वाक्यातली पळवाट त्या सगळ्यांना ऐकू येते. वाचन ध्वनिमुद्रित होईल आणि बाकीच्या पुस्तकांसारखं कपाटात लागेल. ज्याला हवं तो मागून ऐकेल.

पत्र आलं नाही, तरी मी माइकपुढे बसणार आहे. तुझं नाव सांगेन, तुझं माझं नातं सांगेन आणि मग कोरा कागद वाचेन, वरपासून खालपर्यंत, मला एरवी एक पान वाचायला लागतो तेवढा वेळ घेऊन. त्या सभागृहात शांतता कशी ऐकतात, ते तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

फोन करू नकोस. फोनवर तू खोकतोस. लेखी उत्तर, गुरुवार, २७ मार्च, दुपारी बाराच्या आत, माझ्या हातात.

ताई